एका रडणाऱ्या वाद्याची वाटचाल

आपल्याकडील पुष्कळ ख्रिस्ती घरांत ग्रामोफोन आला तेव्हा त्याच्या पाठोपाठ जिम रीव्ह्जही आला. त्याचा तो मखमली, संथ आवाज, १९६३ साली निघालेला त्याचा नाताळगीतांचा संग्रह आणि भक्तिगीतांच्या तबकड्या यांमुळे अमेरिकन ग्रामीण संगीत, ज्याला तिकडे ‘कंट्री’ म्हणतात, ते आपल्याला ठाऊक झाले. पण येथेच एक गंमत झाली. ‘फोर वॉल्स’ (१९५७) किंवा ‘ही विल हॅव टु गो’ (१९५९) ही त्याची जी गाणी सर्वतोमुखी झाली, त्यांत कंट्री संगीताची खरी ओळख ठरलेला आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. तो मुद्दाम बाहेर ठेवला होता. अतिथी घरी आला, पण आपली मातृभाषा उंबरठ्याबाहेर ठेवून आला, असाच काहीसा तो प्रकार होता. त्या बाहेर ठेवलेल्या आवाजाविषयी हा लेख आहे. त्या वाद्याचे नाव स्टील गिटार.

प्रथम नावाचा उलगडा करू. ‘स्टील’ हा शब्द तारांना उद्देशून नाही. तो वादकाच्या डाव्या हातातील पोलादी कांडीला उद्देशून आहे. साध्या गिटारीच्या मानेवर धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. बोटाने तार पट्टीवर दाबली की एक ठराविक स्वर निघतो व पुढच्या पट्टीवर गेले की पुढचा. दोन स्वरांच्या मधली जागा रिकामीच राहते. स्टील गिटारीत तारा उंच उचललेल्या असतात, वाद्य मांडीवर आडवे ठेवलेले असते आणि तार दाबण्याऐवजी तिच्यावरून कांडी सरकवायची असते. त्यामुळे एका स्वरापासून दुसऱ्यापर्यंतची सगळी वाट ऐकू येते. आपल्या संगीतात ज्याला मींड म्हणतात तीच ही. सारंगी ज्यांनी लक्षपूर्वक ऐकली आहे त्यांना अधिक सांगायला नको. माणूस रडताना स्वर तोडून रडत नाही, तो स्वरावरून घसरत जातो. वाद्याला रडता यायचे तर त्याला घसरता आले पाहिजे.

हे वाद्य जन्मले प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर. गिटार तेथे १८३०च्या दशकात, गुरे राखण्यासाठी बोलावलेल्या मेक्सिकन गुराख्यांबरोबर आली. बेटवासीयांनी तारा आपल्या कानाला रुचतील अशा सैल करून लावल्या. इतक्या की कोठेही बोट न ठेवता छेडल्या तरी एक संपूर्ण, सुसंवादी स्वरगुच्छ निघावा. ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी पुढचे सारे तिच्यावर उभे आहे, कारण सरळ कांडी सर्व तारांवर एकाच रेषेत टेकते. तारा अशा लावल्या नसत्या तर कांडीतून केवळ कर्कश गोंधळ निघाला असता.

कांडीचा शोध कोणाचा, यावर वाद आहेत. गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, भारतात जन्मलेल्या आणि एका जहाजाच्या कप्तानाने पळवून नेलेल्या तरुणाचे नाव या संदर्भात घेतले जाते. आपल्या विचित्र वीणेचा आणि दक्षिणेतील गोट्टुवाद्याचा मार्ग तोच असल्यामुळे भारतीय वाचकाला हे नाव सोडवत नाही. परंतु ज्याने ही रीत शिस्तीने घडवली आणि जगापुढे नेली, तो ओआहू बेटावरील लाइए गावचा जोसेफ केकुकू, जन्म १८७४. होनोलुलूच्या कामेहामेहा मुलांच्या शाळेत विद्यार्थी असताना, १८८९च्या सुमारास, त्याने शाळेच्या कर्मशाळेत आपली पोलादी कांडी घडवली. रेल्वेच्या रुळांवर सापडलेला एक लोखंडी बोल्ट तारांवर घासला गेला आणि त्याला हा नाद सापडला, अशी कथा सांगतात. नंतर फणी झाली, चाकूची पाठ झाली, मग कांडी.

याच काळात, १५ एप्रिल १८८९ रोजी, शेजारच्या मोलोकाई बेटावर संत डेमियन यांनी कुष्ठरोग्यांमध्ये राहून, कुष्ठरोगी होऊनच देह ठेवला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण आपण त्या बेटांना डेमियन यांच्यामुळे ओळखतो, आणि त्या काळचे हवाई कसे होते हे त्यांच्या चरित्रावरून आपल्याला थोडे कळते. परक्यांनी आणलेल्या रोगांनी तेथील मूळ प्रजा झपाट्याने घटत होती आणि जमिनी उसाच्या मळेवाल्यांच्या हाती जात होत्या. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत करण्यात आले. १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे आपल्या राज्याला जोडून घेतली. राणी स्वतः उत्तम गीतकार होत्या. ‘अलोहा ओए’ हे जगप्रसिद्ध विरहगीत त्यांचेच. राज्य गेले आणि गाणे उरले. केकुकू १९०४ साली बेटे सोडून अमेरिकेत गेला, तेथून पुढे युरोपातही वाजवून आला आणि १९३२ मध्ये न्यू जर्सीत वारला. ज्यांनी त्याचा देश गिळला त्यांना त्याने आपले वाद्य शिकवले, हे वाक्य मी कडवटपणे लिहीत नाही. इतिहासात हे असे पुनःपुन्हा घडते, एवढेच नोंदवतो.

अमेरिकेला या नादाचे वेड लागले ते प्रथम १९१२च्या ‘द बर्ड ऑफ पॅरडाइज’ या नाटकामुळे आणि मग १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनामुळे. हवाईच्या दालनात रोज गाणे-वाजवणे चाले. नंतरच्या काही वर्षांत हवाईयन संगीताच्या तबकड्या धडाक्याने खपल्या, फिरत्या मंडळ्यांचे तंबू खेड्याखेड्यांत पडू लागले आणि धडे विकणाऱ्या शाळांचे लोक दारोदार हिंडू लागले. टेक्सास, टेनेसी, ओहायो येथील शेतकऱ्यांच्या पोरांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण त्या तंबूत त्यांनी हा आवाज ऐकला. काळ्या वादकांमध्ये तार घसरवण्याची स्वतंत्र परंपरा होतीच. लुइव्हिलचा सिल्व्हेस्टर वीव्हर याने १९२३ मध्ये ‘गिटार रॅग’ ध्वनिमुद्रित केले आणि तेच सूत्र पुढे लिऑन मॅकऑलिफ या गोऱ्या तरुणाने १९३६ मध्ये बॉब विल्सच्या वाद्यवृंदात ‘स्टील गिटार रॅग’ म्हणून अजरामर केले. वीव्हरचे नाव फार थोड्यांच्या लक्षात राहिले.

कंट्री संगीताचा आद्य गायक मानला जाणारा जिमी रॉजर्स याने १९२९ मध्येच जो काइपो या हवाईयन वादकाला साथीला घेतले होते. म्हणजे ‘अस्सल गोऱ्या खेडुतांचे संगीत’ म्हणून जे मिरवले जाते, त्याच्या हृदयात पहिल्यापासून एक बेटवासी बसलेला आहे. याच काळात जॉन डोपिएरा आणि त्याचे बंधू या स्लोव्हाक स्थलांतरितांनी गिटारीच्या पोटात ॲल्युमिनिअमची नादतबकडी बसवून आवाज वाढवला व आपल्या वाद्याला ‘डोब्रो’ नाव दिले. त्यात आडनावाचे आद्याक्षर व ‘बंधू’ हा अर्थ तर होताच, शिवाय त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘चांगले’ असा होतो. रॉय एकफ या टेनेसीच्या गायकाने १९३६ मध्ये या डोब्रोच्या साथीने ‘द ग्रेट स्पेकल्ड बर्ड’ हे भक्तिगीत मुद्रित केले. त्यातील पक्ष्याची प्रतिमा यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील बाराव्या अध्यायातून घेतलेली आहे. हे गीत एकफने १९३८ मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नभोवाणी कार्यक्रमात गायिले आणि रातोरात तो त्या कार्यक्रमाचा मुख्य गायक झाला. स्टील गिटारीची अमेरिकन खेड्याला झालेली पहिली मोठी ओळख ही अशी भक्तिगीतातून झाली, हे आपण लक्षात ठेवावे, कारण लवकरच ती मद्यालयात जाऊन बसणार होती.

मद्यालयात ती नेली विजेने. १९३३ मध्ये अमेरिकेतील दारूबंदी उठली. टेक्सासच्या तेलक्षेत्रांत मजुरांचे तांडे उतरले होते आणि रस्त्यारस्त्यावर ‘हाँकीटाँक’ नावाचे गुत्ते उभे राहिले. बाटल्यांचा खणखणाट, नाचणाऱ्यांचे बूट आणि भांडणे, या कोलाहलात साधी गिटार कोणाला ऐकू जाणार? जॉर्ज बोशाँ आणि स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांनी १९३१-३२ मध्ये लोहचुंबकाच्या साहाय्याने तारांचे कंपन विजेत रूपांतरित करणारी गिटार बाजारात आणली. तिच्या आकारावरून तिला सारे ‘तळणीचा तवा’ म्हणत. आज जगभर जी विजेची गिटार गाजते तिचे हे यशस्वी पहिले रूप मांडीवरचे स्टील गिटारच होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. जानेवारी १९३५ मध्ये बॉब डन याने मिल्टन ब्राउनच्या वृंदात विजेची स्टील गिटार वाजवून ध्वनिमुद्रण केले आणि कंट्री संगीतात वीज आली ती कायमची.

आता मी मुख्य विषयाकडे येतो. स्टील गिटार गाण्यात नेमके काय करते? हे समजून घ्यायचे तर हँक विल्यम्स आणि डॉन हेल्म्स ही जोडी पाहावी.

हँक विल्यम्सचा जन्म १९२३ साली अलाबामात झाला. आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवी आणि तिच्या बाकावर शेजारी बसून त्याने पहिली गाणी ऐकली. पाठीच्या कण्याचे जन्मजात दुखणे, वेदनेवर उपाय म्हणून आणि मग उपायाशिवायही दारू, मोडलेला संसार, १९५२ मध्ये घटस्फोट, आणि १ जानेवारी १९५३ रोजी कार्यक्रमाला जात असताना मोटारीच्या मागच्या आसनावर वयाच्या २९व्या वर्षी मृत्यू. एवढ्या आयुष्यात त्याने ‘आय सॉ द लाइट’सारखे भजनही लिहिले आणि ‘युअर चीटिन हार्ट’सारखे विश्वासघाताचे गाणेही. शिवाय ‘ल्यूक द ड्रिफ्टर’ या टोपणनावाने त्याने नीतिपर कथने मुद्रित केली. दोन्ही खरी होती. ज्या धर्मगुरूने पापनिवेदनाच्या आसनावर काही वर्षे काढली आहेत त्याला यात विसंगती दिसणार नाही.

डॉन हेल्म्सची स्टील पायपट्ट्यांशिवायची होती आणि तिचा आवाज तीक्ष्ण होता, थंडीच्या रात्री दुरून येणाऱ्या आगगाडीच्या शिटीसारखा. हँकची गाणी प्रकाशित करणारा आणि ध्वनिमुद्रणाची सूत्रे सांभाळणारा फ्रेड रोझ याने हेल्म्सला सांगितले होते की, तू उंच पट्टीतच वाजव. कारण हँकचा आवाज ज्या पट्टीत फिरतो तेथे दुसरे काही फिरू नये. व्यवहाराच्या दृष्टीने केलेली ही सूचना होती, पण तिच्यातून एक शैली जन्मली. गायक खाली आणि वाद्य वर. गायकाची ओळ संपते न संपते तोच वरून त्याच ओळीचे उत्तर येते. आपल्याकडे स्तोत्रांच्या गायनात अग्रगायक एक चरण म्हणतो व समुदाय प्रतिसाद देतो, तशीच ही रचना आहे. फरक एवढाच की येथे प्रतिसादाला शब्द नाहीत.

या गाण्यांतील पुरुष स्वतः रडत नाहीत. ते शेतकरी, ट्रकचालक, गिरणीकामगार आहेत. पुरुषाने अश्रू ढाळू नयेत अशा संस्कारात ते वाढले आहेत. शब्द साधे, चाल सरळ, गायकी संयत. हँकच्या आवाजात मधूनच एक तडा जातो, पण तो लगेच सावरतो. त्याने जे आवरले ते स्टील गिटार बोलून टाकते. ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ या गीताची दोन ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकावीत. हँकने ते डिसेंबर १९५० मध्ये हेल्म्सच्या साथीने गायिले. पुढच्याच वर्षी टोनी बेनेट या इटालियन वंशाच्या शहरी गायकाने तेच गीत व्हायोलिनांच्या मोठ्या ताफ्यासह गाऊन साऱ्या अमेरिकेत लोकप्रिय केले. बेनेटचा गळा निःसंशय अधिक कसलेला आहे. पण व्हायोलिने त्याचे सांत्वन करीत असतात. दुःखाला त्यांनी गालिचा अंथरलेला असतो. हेल्म्सची कांडी सांत्वन करीत नाही. ती जखम कोठे आहे ते दाखवून बाजूला होते. मला विचाराल तर स्तोत्रसंहितेतील विलापाच्या स्तोत्रांशी नाते आहे ते या दुसऱ्या रीतीचे.

‘आय ॲम सो लोन्सम आय कुड क्राय’ (१९४९) या गीतात मात्र हेल्म्स नाही. तेथे जेरी बर्ड आहे, आणि त्याचा आवाज लोण्यासारखा मऊ आहे. हा जेरी बर्ड पुढे पुन्हा भेटेल.

इथवर स्टील गिटारीला एक मर्यादा होती. सर्व तारा एका कांडीखाली, म्हणून सर्व स्वर एकत्रच वर किंवा खाली जात. निराळा स्वरगुच्छ हवा तर निराळ्या जुळणीच्या तारांचा दुसरा संच हवा. त्यामुळे वादक दोन-तीन माना असलेले वाद्य पुढ्यात ठेवत. उपाय म्हणून काही कारागिरांनी पायाने दाबायच्या पट्ट्या बसवल्या. गिब्सन कंपनीने १९४०च्या सुमारास असे वाद्य काढले आणि कॅलिफोर्नियात पॉल बिग्सबीने १९४८ मध्ये स्पीडी वेस्टसाठी एक बनवले. पण पट्टी दाबायची ती स्वर वाजण्यापूर्वी, जुळणी बदलण्यापुरती, असा प्रघात होता.

२९ नोव्हेंबर १९५३ रोजी वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गीताच्या ध्वनिमुद्रणात बड आयझॅक्स याने स्वर वाजत असतानाच पट्टी दाबली. एवढेच त्याने केले. परिणाम काय झाला हे आपल्या स्वरांच्या भाषेत सांगतो. सा-ग-प हा गुच्छ वाजत आहे. पट्टी दाबताच षड्ज जागच्या जागी स्थिर राहतो, परंतु गंधार हळूच मध्यमावर आणि पंचम धैवतावर चढतो. एक स्वर उभा आणि त्याच्या अंगावरून दुसरे दोन सरकताहेत, हे कांडीने कधीच साधले नसते. ऐकणाऱ्याला वाटते की कोणी उसासा टाकता टाकता मान वर केली. ‘स्लोली’ १७ आठवडे कंट्री गीतांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर राहिले आणि नॅशव्हिलमधील वादक आपापल्या वाद्यांना पट्ट्या, तारा, कपड्याचे हँगर, जे हाती लागेल ते जोडू लागले, असे सांगतात. काही चांगल्या वादकांची कामे त्यामुळे गेली, ही त्याची दुसरी बाजू.

यातून पेडल स्टील घडले. बडी एमन्स हा या वाद्याचा सर्वश्रेष्ठ वादक मानला जातो. त्याने व शॉट जॅक्सनने १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘शो-बड’ नावाचा कारखाना काढला आणि एमन्सच्या सुधारणांनी वाद्याला आजचे रूप आले. त्यात दहा तारा, किमान तीन पायपट्ट्या आणि गुडघ्याने डावी-उजवीकडे ढकलायचे खटके असतात. आवाज हळूहळू फुलवण्यासाठी उजव्या पायाखाली आणखी एक पट्टी. शिंप्याने शिवणयंत्रापुढे बसावे तसा वादक बसतो; हात, पाय आणि गुडघे सारे एकाच वेळी कामात. चेहऱ्यावर मात्र काही दिसत नाही. नाटकीपणाला त्याच्याजवळ अवयवच शिल्लक नसतो, असे गमतीने म्हणता येईल.

रे प्राइसचे ‘क्रेझी आर्म्स’ (१९५६), बक ओवेन्सच्या ‘टुगेदर अगेन’मधील (१९६४) टॉम ब्रम्लीचे ते थोडक्या स्वरांचे मधले वादन, कॉनी स्मिथच्या ‘वन्स अ डे’मध्ये (१९६४) वेल्डन मायरिकची झगझगीत सुरुवात, ही नावे जाणकारांसाठी. ‘क्रेझी आर्म्स’चा सहकवी राल्फ मूनी हा स्वतः स्टीलवादक होता आणि त्याच्या दारूपायी पत्नी घर सोडून गेली असताना त्याला ते सुचले.

पण याच वर्षांत वाऱ्याची दिशाही बदलली. १९५६ नंतर रॉक अँड रोलने तरुण ग्राहक पळवला. कंट्रीच्या निर्मात्यांनी, विशेषतः चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली यांनी, शहरी मध्यमवर्गाला रुचेल असे गाणे करण्याचे ठरवले. फिडल आणि स्टील बाजूला सारून त्यांच्या जागी व्हायोलिनांचा ताफा आणि मंद स्वरात गुणगुणणारा गायकवृंद आणला. यालाच ‘नॅशव्हिल साउंड’ म्हणतात आणि जिम रीव्ह्ज हा त्याचा राजदूत. ३१ जुलै १९६४ रोजी विमान अपघातात तो गेला. आपल्या घरांत जे संगीत पोहोचले ते या धुतलेल्या रूपात. ते गोड आहे आणि मलाही प्रिय आहे. पण त्यात गुत्त्याचा धूर नाही, आणि म्हणून गुत्त्यात बसलेल्या माणसाचा पश्चात्तापही तितकासा नाही.

स्टील गिटार मेली नाही. कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डच्या वादकांनी ती जिवंत ठेवली आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस ती नॅशव्हिलमध्येही परतली. जॉर्ज जोन्सचे ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ (१९८०) हे गीत अनेकांच्या मते कंट्रीतील सर्वश्रेष्ठ. मरेपर्यंत एका स्त्रीवर प्रेम करीत राहिलेल्या माणसाच्या अंत्यविधीचे ते गाणे. निर्माता बिली शेरिल याने त्यात व्हायोलिने घातलीच आहेत, पण पीट ड्रेकची स्टीलही आहे, आणि दोन्ही एकमेकांना सांभाळून घेतात.

धर्मगुरू म्हणून मला या इतिहासातील एक धागा विशेष जवळचा वाटतो. मंदिरात कोणते वाद्य चालेल, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांत अजूनही भांडणे लावतो. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी जे आज्ञापत्र काढले, त्यात पियानो आणि ढोल-झांजांसारख्या गोंगाटी वाद्यांना चर्चमध्ये मनाई केली होती. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक संविधानाने पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवूनही, अधिकाऱ्यांच्या संमतीने अन्य योग्य वाद्यांना दार उघडले. गंमत अशी की ‘ग्रँड ओल ऑप्री’च्या मंचावरही ड्रमला दीर्घकाळ मज्जाव होता. आणि तो कार्यक्रम १९४३ ते १९७४ या काळात जेथे होत असे ते रायमन सभागृह मुळात १८९२ साली प्रवचनांसाठी बांधलेले मंदिरच होते. बोटीवर जुगार-दारूचा धंदा असलेला कप्तान थॉमस रायमन एका प्रवचनाने पालटला आणि त्याने ते उभारले. हँक विल्यम्सची गाणी लोकांनी तेथे चर्चच्या बाकांवर बसून ऐकली.

त्याच १९०३ साली मेरी मॅग्डेलेना टेट या कृष्णवर्णीय स्त्रीने अमेरिकेच्या दक्षिणेत एक पेन्टेकोस्टल मंडळी सुरू केली. ‘मदर टेट’ १९३० मध्ये वारल्यावर त्या मंडळीच्या तीन शाखा झाल्या. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रोमन ईसन नावाच्या सभासदाने फिलाडेल्फियातील एका हवाईयन वादकाकडून स्टील गिटार शिकून घेतली. त्याचा धाकटा भाऊ विली (१९२१-२००५) याला हवाईयन पद्धत रुचली नाही. त्याने एकाच तारेवर कांडी फिरवून वृद्ध स्त्रियांच्या भजनाचा, हुंदक्याचा, उपदेशकाच्या आरोळीचा आवाज काढला. लोक म्हणू लागले की याची गिटार बोलते. गरीब मंडळीला पाइप ऑर्गन कोठून परवडणार? दोन शाखांत स्टील गिटार हीच ऑर्गनच्या जागी बसली आणि पिढ्यानपिढ्या बापाकडून मुलाकडे गेली. बाहेरच्या जगाला याचा पत्ता नव्हता. लोकसाहित्याचे अभ्यासक रॉबर्ट स्टोन यांनी १९९०च्या दशकात फ्लॉरिडात हे ऐकले आणि १९९७ मध्ये ‘सेक्रेड स्टील’ नावाने ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा साऱ्यांना नवल वाटले. हवाईचा श्रेष्ठ वादक सोल होओपीई याचीही वाट अशीच. हॉलिवूडमधील झगमगीत कारकीर्द सोडून १९३८ मध्ये तो सुवार्ताप्रचारकांच्या सेवेत गेला आणि उरलेले आयुष्य त्याने भक्तिगीते वाजवली.

म्हणजे एकाच वेळी, एकाच देशात, एकच वाद्य गुत्त्यात पापी माणसाच्या शेजारी बसलेले होते आणि मंदिरात भक्ताच्याही. आपल्याकडे सारंगीचे काय झाले ते आठवा. कोठीवर वाजते म्हणून कित्येक प्रतिष्ठित घरांनी तिला दूर ठेवले, आणि आज नभोवाणीवर शोकाच्या दिवशी तीच लावतात. वाद्याला बाटवणारे आणि पवित्र करणारे कारण तारांत नसते. आमच्या गायकवृंदांतील वादविवादांत मी हे अनेकदा सांगून पाहिले आहे. यश मर्यादित आहे.

भारताचे या वाद्याशी नाते पुढेही जुळले. सामोआत जन्मून लाइएत वाढलेला टाऊ मो १९४०च्या दशकात कुटुंबासह कलकत्त्यात राहिला व त्याने तेथे शिष्य घडवले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ‘हवाईयन गिटार’ रुळली आणि व्हॅन शिप्ली यांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर रागसंगीत आणले आणि पंडित विश्वमोहन भट यांना १९९४ मध्ये राय कूडर या अमेरिकन वादकाबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेसाठी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मींड पुन्हा मींडीच्या घरी आली. त्याविषयी स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

राहिला जेरी बर्ड. १९२० साली ओहायोतील लिमा गावात तो जन्मला. लहानपणी गावात आलेल्या हवाईयन मंडळीचा खेळ त्याने तंबूत ऐकला आणि त्याला हे वाद्य लागले. नॅशव्हिलमध्ये त्याने हँक विल्यम्सपासून अनेकांना साथ केली. ‘स्लोली’नंतर सारे पायपट्ट्यांमागे धावले तेव्हा त्याने त्या लावण्यास नकार दिला. जे करायचे ते कांडीने करेन, ही त्याची भूमिका. साहजिकच नॅशव्हिलमधील कामे कमी होत गेली. १९७२ मध्ये तो हवाईत जाऊन कायमचा राहिला. तेथे पाहतो तो ज्या बेटांनी हे वाद्य जगाला दिले, त्यांच्याच तरुणांनी ते जवळजवळ टाकून दिलेले. जुने वादक वृद्ध झाले होते, काही वारले होते. ओहायोच्या या गोऱ्या माणसाने होनोलुलूत हवाईयन मुलांना त्यांच्याच पूर्वजांचे वाद्य शिकवायला सुरुवात केली. सेंट लुइस येथील स्टील गिटारीच्या मानकरी-मालिकेत १९७८ मध्ये पहिले नाव त्याचे घातले गेले. जोसेफ केकुकूचे नाव तेथे लागायला १९९३ साल उजाडले. बर्ड ११ एप्रिल २००५ रोजी होनोलुलूतच वारला. त्याच्याकडे शिकलेल्यांपैकी ॲलन अकाका पुढे स्वतः नामांकित वादक झाला आणि बेटांवरील मुलांना पट्ट्यांशिवायची, मांडीवरची स्टील गिटार शिकवू लागला.